पोर्तुगालमधल्या लहान गावात राहणं: फुंदांव, कोविल्यां आणि कोवा द बैराचा परिसर

पायवाट

लिस्बन-पोर्तूची माहिती शोधली की ढीगभर सापडते. आतल्या गावांबद्दल नेमकं सांगणारं मात्र फार थोडं. लिस्बनचं भाडं झेपत नाही म्हणून, कोविल्यांच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणून, किंवा काम घरूनच करायचं आहे म्हणून या भागाचा विचार करणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा धागा. विषय कोवा द बैरा या खोऱ्यापुरताच ठेवू. एका अंगाला सेर्रा द एश्त्रेलाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला गार्दुन्या, मधे फुंदांव, कोविल्यां, बेल्मोन्त.

जमेची बाजू आधी लिहितो. ए-२३ आणि ए-२५ या महामार्गांवरचा टोल १ जानेवारी २०२५ पासून बंद झाला, त्यामुळे लिस्बन किंवा किनाऱ्याकडे गाडीने जाणं बरंच स्वस्त झालं. रेल्वेची बैरा बाइशा लाइन फुंदांव आणि कोविल्यां दोन्ही गावांतून जाते. कोविल्यां ते ग्वार्दा हा टप्पा २००९ पासून बंद होता, तो मे २०२१ मध्ये परत सुरू झाला. महिन्याला २० युरोचा हिरवा रेल्वे पास घेतला की प्रादेशिक गाड्यांबरोबर इंटरसिटीचा दुसरा वर्गही त्यात येतो, फक्त इंटरसिटीची जागा आधी आरक्षित करावी लागते. आणि फुंदांवची नगरपालिका बाहेरून आलेल्यांना मनापासून सामावून घेते. जुन्या सेमिनारीच्या, म्हणजे पाद्र्यांच्या शाळेच्या, इमारतीत त्यांनी स्थलांतरितांसाठी केंद्र चालवलं आहे.

अडचणी पुढे तुम्ही लिहा. "शांत आहे, हवा छान आहे" एवढ्यावर थांबू नका. किती अँपियर, किती किलो, काय बिघडतं आणि का बिघडतं, ते हवं.

दप्तर

कागदांपासून सुरुवात करू. तिथे क्रम चुकला की महिनेच्या महिने जातात.

पहिला निफ, म्हणजे करक्रमांक, नऊ आकडी. तो नसेल तर भाडेकरार नाही, वीज नाही, मोबाइलचा करार नाही. भारतात असतानाच काढता येतो, पण तेव्हा त्यावर पत्ता भारताचा पडतो. पूर्वी अशा वेळी करप्रतिनिधी नेमावाच लागे. २०२२ पासून फिनांसाशच्या, म्हणजे करखात्याच्या, पोर्टलवर इलेक्ट्रॉनिक सूचना स्वीकारल्या की प्रतिनिधीशिवाय भागतं. खरी गोची पुढे होते. माणूस गावात राहायला येतो, रहिवासाचं कार्ड मिळतं, आणि निफवरचा पत्ता भारताचाच राहतो. करखात्याच्या लेखी तो अजून अनिवासी. नोटिसा भलतीकडे जातात, कर अनिवासी दराने लागतो, आणि हे कळतं तेव्हा दंडही चढलेला असतो. कार्ड हातात आलं की त्याच आठवड्यात फिनांसाशमध्ये पत्ता बदला आणि बदलल्याचा छापील पुरावा मागून घ्या.

दुसरा निस, सामाजिक सुरक्षेचा, अकरा आकडी. तिसरा उतेंत क्रमांक, सरकारी आरोग्यसेवेचा, नऊ आकडी. जवळपास प्रत्येक खिडकीवर लागणारा कागद म्हणजे जुंता द फ्रेगेझियाचा रहिवासी दाखला. जुंता ही आपल्या ग्रामपंचायतीच्या जागी धरा आणि कामरा मुनिसिपाल ही नगरपालिकेच्या. दाखल्याला पासपोर्ट, निफ आणि नोंदवलेला भाडेकरार न्यायचा. करार दुसऱ्याच्या नावावर असेल तर घरमालकाचं पत्र लागतं. काही जुंता त्याच फ्रेगेझियाच्या मतदारयादीतले दोन साक्षीदार मागतात. छोट्या फ्रेगेझियातली जुंता रोज उघडत नाही. दारावर वेळ चिकटवलेली असते, तिचा फोटो काढून ठेवा.

"नोंदवलेला" या शब्दावर जोर आहे. घरमालकाने करार फिनांसाशमध्ये नोंदवायचा, एका महिन्याच्या भाड्याच्या १० टक्के मुद्रांक भरायचा आणि दर महिन्याला भाड्याची इलेक्ट्रॉनिक पावती द्यायची. गावात "करार कशाला, रोख द्या" म्हणणारे भेटतात. असं घर थोडं स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. पत्त्याचा पुरावा नाही, तर कार्डाचं नूतनीकरण अडतं आणि भाड्यावरची करसवलतही जाते. अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. आगाऊ भाड्यालाही दोन महिन्यांचीच मर्यादा आहे.

गोदाकाठ

दप्तर यांनी क्रम दिलाच आहे. त्याआधीचं, भारतातून निघतानाचं लिहिते, कारण आपल्या नावांचा घोळ तिथूनच सुरू होतो.

पोर्तुगीज अर्जात दोनच चौकटी असतात: नोम, म्हणजे नाव, आणि आपेलिदु, म्हणजे आडनाव. आपलं नाव असतं स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल आणि तिन्ही शब्द एकाच ओळीत असतील, तर तिथले कारकून शेवटचा शब्द कधी आडनाव धरतात, कधी धरत नाहीत. निफवर एक नाव, निसवर दुसरं, बँकेत तिसरं असं होऊन बसतं. पासपोर्टमध्ये आडनाव वेगळं करून घ्यायचं असेल तर निघण्याआधीच. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी विवाह प्रमाणपत्रावर दोन्ही नावं आहेत ना ते बघावं. जन्मदाखल्यावरचं माहेरचं नाव आणि पासपोर्टवरचं सासरचं नाव जोडणारा तोच एक कागद.

जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला, तिन्हीवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का, लागतं. राज्याच्या कागदांवर आधी मंत्रालयाचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल, आणि सगळ्यात शेवटी पोर्तुगीज भाषांतर. भाषांतर आधी केलं तर अपोस्टिलचा शिक्का भाषांतराबाहेर राहतो आणि कागद परत येतो. चारित्र्य दाखला सगळ्यात उशिरा काढा, त्याची मुदत थोडी असते.

डी-७ व्हिसा निवृत्तिवेतन, भाडं, व्याज अशा उत्पन्नावर मिळतो. त्याची किमान रक्कम तिथल्या किमान वेतनाला बांधलेली आहे: २०२५ साली महिना ८७० युरो, २०२६ साली ९२०. जोडीदारासाठी त्याच्या ५० टक्के आणि प्रत्येक मुलासाठी ३० टक्के जास्त धरायचे. दूरस्थ नोकरीच्या डी-८ साठी किमान वेतनाच्या चौपट. व्हिसा चार महिन्यांचा असतो, त्या मुदतीत आयमाची, म्हणजे तिथल्या स्थलांतर खात्याची, भेट व्हावी लागते. जुनं सेफ हे खातं २९ ऑक्टोबर २०२३ ला बंद झालं आणि त्याच्या जागी आयमा आली; सेफची तुंबलेली प्रकरणंही तिच्याच गळ्यात पडली. त्यामुळे व्हिसाबरोबर मिळालेल्या भेटीच्या तारखेचा कागद जिवापाड जपा.

कौलारू

आता घर. या भागात घर उन्हाळ्यात बघून घेतलं की हिवाळ्यात पस्तावायची पाळी येते. बाहेर पाच अंश आणि घरात बारा-तेरा हे इथल्या जुन्या घरांत सर्रास आहे. भिंती ग्रॅनाइटच्या किंवा पोकळ विटेच्या, आत उष्णतारोधक थर नाही, खिडकीला एकच काच.

घर बघायला जाल तेव्हा हे बघा. कपाटाच्या मागची, उत्तरेकडची बाहेरची भिंत. मालकाला विचारून कपाट चार बोटं पुढे ओढा. कोपऱ्यात खाली काळे ठिपके असले तर ती बुरशी. जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत रंग फुगलेला आणि पांढरी भुकटी सुटलेली दिसली तर ते सालित्र, म्हणजे जमिनीतून वर चढणारी ओल. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. बुरशी घरातल्या वाफेची असते, हवा खेळती ठेवून आणि ऊब देऊन आटोक्यात येते. सालित्र घराच्या पायातून येतं, भाडेकरूच्या हातात काही नसतं, ते घर सोडून द्या. नुकताच पांढरा रंग दिलेली एकच भिंत दिसली तर तिला हात लावून बघा, गार आणि दमट लागली की समजा.

खिडकीला नुसती दुहेरी काच पुरत नाही. ॲल्युमिनियमची चौकट मधे तोडलेली, म्हणजे 'कोर्त तेर्मिकु' असलेली हवी. नाहीतर काच कोरडी राहते आणि चौकटीवरून पाणी ओघळून खालचं प्लास्टर कुजतं. जाहिरातीत आणि करारात ऊर्जा प्रमाणपत्राचा वर्ग द्यावाच लागतो; ई किंवा एफ दिसलं तर हिवाळ्याचा खर्च भाड्यात मिळवून मगच तुलना करा.

दिशा फार महत्त्वाची. फुंदांव गार्दुन्याच्या उत्तर पायथ्याशी आहे, त्यामुळे डोंगराला चिकटलेल्या गल्ल्यांत डिसेंबर-जानेवारीत ऊन थोडाच वेळ टिकतं. कोविल्यां डोंगराच्या पूर्व उतारावर आहे, सकाळचं ऊन भरपूर, पण दुपारनंतर सूर्य सेर्राच्या मागे लवकर जातो. दक्षिणेला तोंड असलेली बैठकीची खोली मिळत असेल तर एक खोली कमी चालेल.

मृण्मयी_क

कौलारूदादा, दोन प्रश्न. ओल शोषणारं यंत्र कुठलं घ्यावं? आणि हीटर व किटली एकदम लावली की वीज जाते अशी तक्रार फार वाचायला मिळते, ती का?

कौलारू

ताई, वीज आधी. तिथे करारात 'पोतेंसिया', म्हणजे एका वेळी किती वीज ओढता येईल त्याची मर्यादा, ठरलेली असते. ३.४५ केव्हीए म्हणजे १५ अँपियर, ४.६ म्हणजे २०, ५.७५ म्हणजे २५, ६.९ म्हणजे ३०. जुन्या भाड्याच्या घरात बहुधा ३.४५ असते. २००० वॉटचा हीटर आणि २००० वॉटची किटली मिळून ४००० वॉट; मर्यादा ओलांडली, मीटर वीज तोडतो. स्मार्ट मीटर असेल तर मुख्य स्विच खाली करा, जड उपकरणं बंद करा, एक मिनिट थांबा, परत वर करा. विजेवर ऊब आणि स्वयंपाक दोन्ही असेल तर ६.९ घ्या. स्थिर आकार थोडा वाढतो एवढंच. बदलासाठी बिलावरचा सीपीई, म्हणजे वीजजोडणीचा, क्रमांक लागतो, तो 'पीटी' ने सुरू होतो. वायरिंग जुनं असेल तर पोतेंसिया वाढवण्याआधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. १५ अँपियरला टिकलेली जुनी तार ३० ला तापते.

ओलीच्या यंत्राचं असं आहे. दुकानात दिसणारी बहुतेक यंत्रं कंप्रेसरची. खोली १५ अंशांच्या खाली गेली की त्यांची कॉइल गोठते आणि पाणी जमणं जवळपास थांबतं. लिस्बनच्या फ्लॅटला ती चालतात. बैरामधल्या न तापवलेल्या झोपण्याच्या खोलीला डेसिकंट, म्हणजे ओल शोषून घेणाऱ्या द्रव्यावर चालणारं, घ्यावं. ते थंडीतही काम करतं आणि वर थोडी गरम हवा सोडतं. वीज जास्त खातं: ६५० वॉटचं यंत्र सहा तास चाललं तर सुमारे ३.९ युनिट. म्हणून हवेतली आर्द्रता मोजणारं छोटं मीटर टांगा, ६० टक्क्यांच्या वर गेली की लावा, ५० ला बंद करा. कपाटं भिंतीपासून चार बोटं दूर. कपडे आत वाळवायचेच असतील तर एकाच खोलीत, दार बंद करून, यंत्र लावून.

बुरशी पुसायला लिशिव्हिया, म्हणजे ब्लीच, पाण्यात मिसळून वापरतात. त्यात व्हिनेगर किंवा अमोनियाचं काही मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि दगडी भिंतीवर प्लास्टिक रंग चढवू नका. तो ओल आत कोंडतो आणि वर्षभरात पापुद्रे सुटतात. अशा भिंतीला चुनाच हवा, आपल्याकडच्या जुन्या वाड्यांसारखा.

शेगडी

गॅस आणि लाकूड माझ्याकडे.

लहान गावात पाइपचा गॅस सगळीकडे नसतो, बोतिजा म्हणजे सिलिंडर असतो. ब्युटेनची १३ किलोची, प्रोपेनची ११ किंवा ४५ किलोची. ब्युटेन शून्याच्या आसपासच वायू व्हायचं थांबवतं. बाल्कनीत ठेवलेली ब्युटेनची भरलेली टाकी जानेवारीच्या पहाटे रिकामी असल्यासारखी वागते, लोक बदलून आणतात आणि तेच होतं. बाहेर ठेवायची असेल तर प्रोपेन. पण त्याचा रेड्युसर, म्हणजे रेग्युलेटर, वेगळा: ब्युटेनला साधारण ३० मिलिबार, प्रोपेनला ३७. एकाचा दुसऱ्याला जबरदस्तीने लावू नका. रबरी नळीवर मुदतीचं साल छापलेलं असतं, घर घेताना ते वाचा.

पाणी तापवणारा गॅसचा एश्केंतादोर भिंतीवर असतो. गरम पाणी अचानक बंद झालं तर गिझरवाल्याला फोन लावण्याआधी खालची झाकणी उघडा. बऱ्याच मॉडेलांत ठिणगीसाठी दोन जाड सेल असतात, ते संपलेले असतात. ज्योत निळी हवी. पिवळी, लवलवती दिसली तर जळण अपुरं होतंय आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतोय. उपकरण बंद, खिडक्या उघड्या, मग कारागीर. कार्बन मोनॉक्साइडचा गजर झोपण्याच्या खोलीजवळ लावाच. थंडीत जाळीची हवा-भोकं बोळे घालून बंद करणं हा जिवाशी खेळ आहे.

लाकडाची शेगडी, सालामांद्रा, हा या भागातला खरा आधार. आझिन्यु आणि ओक ही जड लाकडं सावकाश जळतात. पाइन पेटवायला चांगलं, रोज जाळलं तर राळेचा चिकट थर धुराड्यात बसतो आणि एखाद्या रात्री तोच पेट घेतो. लाकूड मे-जूनमध्ये घ्या. नोव्हेंबरला मिळतं ते ओलं असतं. दोन ओंडके एकमेकांवर आपटून बघा: टणक, कोरडा आवाज आला तर वाळलेलं, बद्द आवाज आला तर ओलं. कापाला भेगा पडलेल्या दिसल्या पाहिजेत. धुराडं वर्षातून एकदा, शरद ऋतूआधी झाडून घ्यायचं.

पेलेटची शेगडी सोयीची, १५ किलोची पिशवी मध्यम आंचेवर दहा-बारा तास जाते. पण तिला वीज लागते. २८ एप्रिल २०२५ ला अख्ख्या इबेरियाची वीज गेली तेव्हा पेलेटच्या शेगड्या, इंडक्शन, कार्डाची यंत्रं सगळं एकदम थांबलं. घरात सेलवरचा रेडिओ, टॉर्च, थोडी रोकड आणि एक तरी विजेविना चालणारी शेगडी असू द्या.

निरंजना

ग्रॅनाइटचा विषय निघालाय म्हणून रेडॉनबद्दल कोणीच बोलत नाही ते लिहिते. ग्वार्दा, विसेउ, कास्तेलु ब्रांकु या जिल्ह्यांत ग्रॅनाइटमुळे जमिनीतून रेडॉन वायू येतो. वास नाही, रंग नाही, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं ते ठाऊक असलेलं कारण आहे. पोर्तुगालमध्ये संदर्भ पातळी घनमीटरला ३०० बेकरेल. तळमजल्यावर, तळघरावर किंवा थेट दगडी जमिनीवर झोपण्याची खोली असेल तर मोजून घ्या. मोजणीची छोटी डबी काही महिने खोलीत ठेवायची आणि प्रयोगशाळेला परत पाठवायची. मोजणी हिवाळ्यात करा. खिडक्या बंद असतात तेव्हाच खरा आकडा दिसतो. जास्त निघाला तर झोपायची खोली वरच्या मजल्यावर न्या, जमिनीच्या भेगा बुजवा, रोज सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं आरपार हवा घाला. तेवढ्याने ओलही कमी होते.

दप्तर

निरंजनाताई, हे फार मोलाचं. धाग्याच्या मुख्य भागात घ्यावं, पायवाट.

वणव्यांचं मी घेतो. १७ जून २०१७ ला पेद्रोगांव ग्रांदला लागलेल्या वणव्यात ६६ माणसं गेली. त्यानंतर नियम कडक झाले आणि ते अंमलात येतात. गावाबाहेर घर किंवा जमीन घेणाऱ्याने घरापासून ५० मीटरपर्यंतचं रान साफ ठेवायचं, मुदत साधारण ३० एप्रिल. पाइन आणि निलगिरीच्या शेंड्यांत १० मीटर अंतर, बाकी झाडांत ४ मीटर, आणि घराच्या छपरापासून फांद्या ५ मीटर लांब. शेजारची जमीन पडीक असेल आणि मालक फ्रान्समध्ये असेल, तर कामरा आणि जीएनआर या निमलष्करी पोलिसांकडे लेखी कळवून ठेवा.

बागेतला पालापाचोळा मनात आलं म्हणून जाळता येत नाही. आयसीएनएफच्या, म्हणजे वनखात्याच्या, पोर्टलवर किंवा ८०८ २०० ५२० वर आधी नोंद, आणि धोक्याच्या काळात रीतसर परवानगी. लाल इशाऱ्याच्या दिवशी फटाके, चुली, गवत कापायचं यंत्र, सगळं बंद. पात्याची दगडावर ठिणगी पडते आणि वाळलं गवत भडकतं. म्हणून गवत कापणं जूनच्या आधी आणि सकाळीच उरकायचं. उन्हाळ्यात एका पिशवीत पासपोर्ट, कार्डं, औषधं, चार्जर तयार ठेवा आणि गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. आणीबाणीचा क्रमांक ११२.

चिमूटभर

जेवणाचं कोणी लिहिलं नाही. बातमी चांगली आहे. युरोपात इतरत्र कोथिंबिरीसाठी वणवण असते. पोर्तुगालमध्ये 'कोएंत्रुश' साध्या दुकानात ताज्या जुडीने मिळते. चवळी 'फैजांव-फ्राद' या नावाने, काबुली चणे 'ग्रांव' या नावाने, कोरडे आणि शिजवलेले दोन्ही. बेसन म्हणजे 'फारिन्या द ग्रांव'. रव्याला 'सेमोला' घ्या, बारीक. पोळीसाठी टी-६५ गव्हाचं पीठ आणि 'इंतेग्राल' निम्मं-निम्मं. नुसत्या इंतेग्रालचा कोंडा मोठा असतो, पोळी फाटते. नुसत्या टी-५५ ची पोळी पांढरी आणि चिवट होते. कोमट पाण्याने मळून अर्धा तास झाकून ठेवायचं. भातात 'आगुल्या' मोकळा होतो, 'कारोलिनु' जाड आणि चिकट, खिचडी आणि दहीभाताला अगदी योग्य. तूरडाळ, पोहे, साबुदाणा, कढीपत्ता गावात मिळायची आशा नको. ते लिस्बनच्या मार्तीं मोनीज भागातून महिन्या-दोन महिन्यांनी आणायचं.

शाकाहाऱ्यांनी सूप मागताना जपून. काल्दु व्हेर्दमध्ये शोरीसु, म्हणजे डुकराच्या मांसाची चकती असते. 'सें कार्न' म्हटलं तरी मासा येऊ शकतो, कारण मासा त्यांच्या लेखी मांस नव्हे. 'सें कार्न, सें पैश, सें शोरीसु' असं तिन्ही म्हणा. चीजचं मात्र वेगळं समाधान आहे. सेर्रा द एश्त्रेलाचं अधिकृत चीज मेंढीच्या दुधाचं असतं आणि ते वासराच्या रेनेटने नाही, कार्दु नावाच्या काटेरी रोपाच्या फुलांनी विरजतात. वेष्टनावर डीओपीचा शिक्का आणि 'कार्दु' शब्द बघून घ्या.

जून महिना चेरीचा. गार्दुन्याच्या उतारावरचं आल्कोंगोश्ता हे त्याचं मुख्य गाव. खालच्या उतारावरची आधी पिकते, वरची नंतर, म्हणून हंगाम लांबतो. देठ हिरवा आणि ताठ असलेली घ्या.

रानवारा

एकटेपणाबद्दल बोलायला हवं, कारण माणसं घर सोडतात ती बहुधा थंडीने नाही, त्याने. नोव्हेंबर ते मार्च गाव सहा वाजता चिडीचूप होतं. दुपारी साडेबारा-एक ते दोन-तीन दुकानं बंद, शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी बहुतेक सगळंच. ऑगस्टमध्ये उलट. फ्रान्स-स्वित्झर्लंडला गेलेली मंडळी परत येतात, रस्ते भरतात, जत्रा लागतात आणि गवंडी, सुतार, कचेरीतला माणूस कोणीच कामावर सापडत नाही. दुरुस्तीचं काम जुलैआधी किंवा सप्टेंबरनंतर ठरवा.

भाषेशिवाय गावात पाऊल टिकत नाही. लिस्बनमध्ये इंग्रजीवर निभतं, इथे पोस्टात निभत नाही. सरकारचे 'पोर्तुगीज लींग्वा द आकोल्यिमेंतु' हे वर्ग मोफत आहेत, शाळा आणि रोजगार केंद्रांतून चालतात. त्या वर्गांत नाव लवकर घाला. मोबाइल ॲपवर बहुधा ब्राझीलची पोर्तुगीज शिकवतात. त्यातलं 'व्होसे' पोर्तुगालमध्ये वडीलधाऱ्यांना म्हणणं उद्धट लागतं. 'उ सेन्योर', 'आ सेन्योरा' म्हणा. आपल्या 'आपण' सारखं. उच्चारही वेगळे, इथे स्वर गिळतात. म्हणून स्थानिक रेडिओ कानावर पडू द्या.

काही शब्द आपल्या ओळखीचेच निघतील. चावी, बटाटा, काजू, अननस, पाव, पगार, लिलाव, मेस्त्री, नाताळ. गवंड्याला तिथे 'मेश्त्र' अशीच हाक मारतात. दुकानात शिरताना आधी 'बों दिया', मगच काम. हे सोडलं की पुढचं सगळं कोरडं होतं. रोज एकाच कॅफेत, एकाच वेळी कॉफी घ्या. लाकूडवाला कोण चांगला, जुंता आज उघडी आहे का, डॉक्टर बदलला का, हे सगळं तिथेच कळतं. गावातली ही माहिती कुठल्याच पोर्टलवर नसते.

मृण्मयी_क

डॉक्टरचं कसं? घरात मूल असेल तर ती पहिली काळजी.

निरंजना

उतेंत क्रमांक मिळाला की सेंत्रु द साउदमध्ये, म्हणजे आरोग्य केंद्रात, नोंद करायची आणि कुटुंब-डॉक्टर मागायचा. मिळेलच असं नाही, देशभर मोठी प्रतीक्षायादी आहे. पण डॉक्टर नेमलेला नसला तरी केंद्र तुम्हाला तपासतं. सकाळी उघडताच जाऊन टोकन घ्या. तातडीचं पण जिवावरचं नसलेलं असेल तर आधी सरकारी आरोग्यसेवेच्या ८०८ २४ २४ २४ या मदतक्रमांकावर फोन. त्यांनी पाठवलं तर रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात शुल्क लागत नाही. परस्पर गेलात तर लागतं. मोठं रुग्णालय कोविल्यांचं, त्याला पेरु द कोविल्यां यांचं नाव आहे. वास्को द गामाच्या आधी, १४८८ च्या सुमारास, हा गृहस्थ कालिकत आणि गोव्याला जाऊन आला होता. काही खास उपचारांसाठी मात्र कोइंब्रा गाठावं लागतं. हृदयाचा, कर्करोगाचा जुना आजार असलेल्यांनी हे अंतर धरूनच गाव ठरवावं.

रात्री औषध लागलं तर 'फार्मासिया द सेर्व्हिसु' शोधा. दुकानं पाळीने उघडी असतात, यादी प्रत्येक औषधाच्या दुकानाच्या दारावर लावलेली असते. १ सप्टेंबर २०२१ नंतर जन्मलेल्या मुलांना पाळणाघर मोफत आहे, जागा मर्यादित, त्यामुळे नाव आल्या-आल्या घाला. शाळेत पोर्तुगीज न येणाऱ्या मुलांसाठी वेगळे भाषातास असतात. प्रवेशाच्या वेळीच लेखी मागा.

हिशेबनीस

कर थोडक्यात. वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलात, किंवा तिथे कायमचं राहतं घर आहे, तर तुम्ही तिथले करनिवासी आणि जगभरचं उत्पन्न दाखवायचं. भारतातलं भाडं, मुदतठेवीचं व्याज, शेअर, सगळं 'आनेशु जोता' या जोडपत्रात. भारतातली बँक खातीही त्यातच नोंदवायची. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून तिथेही असेल असं धरू नका. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण भारतात कापलेल्या कराचा पुरावा हातात लागतो. भारताचं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर. म्हणून व्याजाचा तक्ता महिन्यावार मांडा, वर्षाच्या बेरजेवर काम भागत नाही. विवरणपत्र १ एप्रिल ते ३० जून.

स्वतंत्र काम करणाऱ्यांनी पहिलं बिल फाडण्याआधी फिनांसाशमध्ये 'आबेर्तुरा द आक्तिव्हिदाद' करायची. सामाजिक सुरक्षेचा हप्ता सेवांच्या उत्पन्नाच्या ७० टक्क्यांवर २१.४ टक्के, पहिले बारा महिने माफ. माफी संपल्यावर जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशी तिमाही घोषणा. माफीचं वर्ष संपल्याची आठवण कोणी करून देत नाही, कॅलेंडरवर लिहून ठेवा.

गोदाकाठ

शेवटचं एक, किरकोळ वाटेल पण बरंच काही त्यावर अडतं. टपालपेटी. आयमाचं कार्ड, बँकेचं पिन, फिनांसाशचा पासवर्ड, सगळं पोस्टाने येतं. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. भाड्याच्या घरात मागच्या भाडेकरूचं नाव तसंच असतं. राहायला गेलात त्या दिवशीच पेटीवर घरातल्या प्रत्येकाचं नाव लावा, कार्डावर जसं आहे तसं, वडिलांच्या नावासकट. पत्त्यात मजला आणि बाजू लिहायचीच: 'एश्केर्दु' म्हणजे जिना चढल्यावर डावीकडचं, 'दिरैतु' उजवीकडचं, 'आर-सी' तळमजला. पिनकोड चार आणि तीन आकड्यांचा, दोन्ही भाग लिहा. रजिस्टर पत्र आलं आणि घरी कोणी नसलं तर पेटीत 'आव्हिझु' ही चिठ्ठी पडते. ती आणि पासपोर्ट घेऊन सहा कामकाजाच्या दिवसांत पोस्टात जायचं. लहान गावात ते पोस्ट एखाद्या किराणा दुकानाच्या काउंटरवरही असू शकतं, म्हणून चिठ्ठीवरचा पत्ता आधी वाचा.

पायवाट

रेडॉन, टपालपेटी आणि पोतेंसियाचे आकडे मुख्य भागात घेतले. बेल्मोन्त आणि पेनामाकोरकडे विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असलेल्या घरांबद्दल, आणि शोषखड्ड्यांच्या देखभालीबद्दल, ज्यांना माहिती असेल त्यांनी इथेच लिहा.